समुद्र फुकट, आंघोळीचं काय?

कोकण ट्रिपचा ग्रुप उघडून बघा. गाडी कुणाची, सुरमई कुठे खायची, व्हेजवाल्यांचं काय, सगळ्यावर मेसेजचा पाऊस असतो. एक प्रश्न मात्र कुणी विचारत नाही: समुद्रातून बाहेर आल्यावर आंघोळ कुठे करायची? मुलं म्हणतात, ‘बघू रे, होईल काहीतरी.’ मुली तोच प्रश्न मनात घेऊन आलेल्या असतात आणि सोय दिसली नाही की घोटाभर पाण्यातूनच परत फिरतात. मग ‘ती पाण्याला घाबरते’ असं आपण परस्पर ठरवून टाकतो. भीती पाण्याची नसते हो, ओल्या कपड्यांत चार तास एसटीत बसण्याची असते.

युरोपात शिडाच्या बोटीतून सुट्टी घालवणारे लोक रात्री कुठल्या मरिनात थांबायचं हे ठरवतानाच तिथे शॉवर आहेत का ते बघतात. कारण साधं आहे. छोट्या बोटीच्या टाकीत गोडं पाणी मोजकंच. ते आधी प्यायला आणि स्वयंपाकाला लागतं. खाऱ्या पाण्यात साबणाला धड फेस येत नाही आणि अंगावर मीठ वाळलं की त्वचा चरचरते. म्हणून बऱ्याच मरिनांत बोट लावायच्या भाड्यातच शॉवर धरलेला असतो, काही ठिकाणी वेगळे पैसे पडतात. तिथे त्याला कुणी चैन म्हणत नाही.

किनाऱ्यांना आणि मरिनांना मिळणारा ‘ब्लू फ्लॅग’ देतानाही पाण्याच्या दर्जाबरोबर स्वच्छतागृहासारख्या सोयी बघितल्या जातात. २०२० मध्ये भारतातल्या पहिल्या आठ किनाऱ्यांना तो मिळाला, तेव्हा त्यात महाराष्ट्रातला एकही नव्हता.

‘अहो, गावात प्यायला पाणी नाही, तुम्हाला शॉवर कुठून देणार?’ हा सवाल रास्त आहे. धो धो पावसाच्या कोकणात एप्रिल-मे महिन्यांत कितीतरी वाड्यांवर टँकर येतो. म्हणून मागणी शॉवरची नाहीच. बादलीभर पाणी, कडी लागणारं दार, कपडे टांगायला खुंटी आणि बाहेर लिहिलेला दर, एवढं पुरे. सिंधुदुर्ग किल्ला चारही बाजूंनी खाऱ्या पाण्याने वेढलेला आहे, तरी आत दूधबाव, दहीबाव आणि साखरबाव या गोड्या पाण्याच्या विहिरी आहेत. साडेतीनशे वर्षांपूर्वी भर समुद्रात पाण्याची सोय झाली, मग किनाऱ्यावर चार भिंती उभारणं एवढं अवघड आहे का?

आपल्या हातातलंही थोडं आहे. निघण्याआधी फोन करून आंघोळीची सोय विचारा. कुणी घरामागच्या न्हाणीत पाणी तापवून देत असेल, तर ठरलेले पैसे घासाघीस न करता द्या. ते पाणी कुणीतरी विहिरीवरून शेंदून आणलेलं असू शकतं. एका बादलीत भागवा. साबण लावून पुन्हा समुद्रात किंवा खाडीत उतरू नका.

आणि किनाऱ्यावर पार्किंगची पावती फाडली जाते ना, तिथे प्रत्येक ट्रिपला विचारा, ‘कपडे बदलायची खोली कुठे आहे?’ ग्रुपमधल्या मुलींनीच नाही, मुलांनीही विचारा. रोज दहा गाड्यांमधून हाच प्रश्न आला, तर ग्रामपंचायतीच्या बैठकीत तो विषय कधीतरी निघेलच.