बाप्पा, बादली आणि मोल

पनवेलहून पेण तीसेक किलोमीटरवर. त्यामुळे इथल्या अनेक घरांत पेणचाच बाप्पा येतो. मूर्ती प्लास्टरची असली, तर विसर्जनानंतर पाण्यात कित्येक महिने तशीच पडून राहते.

यावर पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेने तोडगा काढला: अमोनियम बायकार्बोनेट, म्हणजे बेकरीत बिस्किटं फुलवणारा क्षार. २०१६ मध्ये पुणे महापालिकेने तो घरगुती विसर्जनासाठी वाटला.

पण बादलीत टाकायचा किती?

मूठभर टाकून भागत नाही. संतुलित समीकरण सांगतं, जिप्समच्या (म्हणजे घट्ट झालेल्या प्लास्टरच्या) एका मोलला क्षाराचे दोन मोल. जिप्समचा मोल १७२ ग्रॅमचा, क्षाराचा ७९ चा. म्हणजे १७२ ग्रॅमला १५८, आणि किलोभर मूर्तीला सुमारे ९२० ग्रॅम. जवळजवळ वजनास वजन! बुडबुडे कार्बन डायऑक्साइडचे. तळाशी बसतो तो कॅल्शियम कार्बोनेटचा चुरा, साधारण ५८० ग्रॅम. पाण्यात उरतं अमोनियम सल्फेट, शेतकऱ्याच्या ओळखीचं खत.

मोलचं हेच गणित शिकवताना शाळेच्या फळ्यावर मात्र वर्षानुवर्षं हायड्रोजन-ऑक्सिजनचं पाणीच बनतंय. भाद्रपदात प्रयोगशाळेत अशी एक बादली ठेवायला काय हरकत आहे? मूर्तीतला काथ्या आणि रंग वजनातून किती वजा करायचा, यावर मुलं भांडतील. भांडू देत, तराजू आहेच.