समृद्धीलगत गॅसलाइन गेली, वाशिमला काय मिळणार?

जानेवारी 2024 आठवतोय? ‘हिट अँड रन’च्या नव्या तरतुदीविरोधात ट्रक आणि टँकरचालकांनी संप केला आणि बघता बघता राज्यभरातल्या पेट्रोल पंपांवर रांगा लागल्या. तुमच्यापैकी काहीजणांनी तेव्हा बाटली घेऊन पंपाच्या चकराही मारल्या असतील. टँकर थांबला की गाडी थांबते, हे त्या दोन दिवसांत सगळ्यांना कळलं.

खरं तर इंधनाचा बराच प्रवास पाइपातून होतो. मुंबई हायमध्ये 1974 साली तेल सापडलं. तिथलं कच्चं तेल समुद्राखालच्या पाइपमधून उरणला येतं. रिफायनरीतून निघालेलं पेट्रोल-डिझेल मुंबईहून मनमाडजवळच्या पानेवाडीपर्यंतही पाइपनेच जातं. वाशिमच्या पंपावर मात्र ते टँकरनेच पोहोचतं.

आता आपल्या जिल्ह्यातूनही एक मोठी पाइपलाइन गेलीये. ती तेलाची नाही, नैसर्गिक वायूची आहे. ‘गेल’ या सरकारी कंपनीच्या मुंबई-नागपूर-झारसुगुडा लाइनचा हा भाग. मुंबई-नागपूर हा जवळपास 700 किलोमीटरचा टप्पा 2025 मध्ये पूर्ण झाला. पाइपचा व्यास 24 इंच. आणि यातला बहुतांश पाइप समृद्धी महामार्गाच्या कडेला राखून ठेवलेल्या फक्त तीन मीटरच्या पट्टीत टाकलाय. म्हणजे मालेगाव, शेलूबाजार, कारंजा या पट्ट्यातून तुम्ही समृद्धीने जाता, तेव्हा गॅस तुमच्या सोबतच धावत असतो.

यात शेतकऱ्याचा एक फायदा झाला. एरवी अशी लाइन थेट शेतातून जाते आणि तिथे 1962 चा पेट्रोलियम पाइपलाइन कायदा लागतो. या कायद्यात जमीन विकत घेत नाहीत, फक्त ‘वापराचा हक्क’ घेतात. सातबारा तुमच्याच नावावर राहतो, सोयाबीन-तूरही घेता येते. पण त्या पट्ट्यात विहीर खोदायची नाही, घर बांधायचं नाही, झाड लावायचं नाही. याचा मोबदला किती? जमिनीच्या बाजारभावाच्या 10 टक्के, शिवाय पिकाचं वगैरे नुकसान झालं तर त्याची भरपाई. बंधन कायमचं आणि पैसे एकदाच! महामार्गाची जमीन आधीच संपादित झालेली असल्याने ही वेळ इथे फारशी आली नाही.

तरी हा कायदा माहीत असू द्या. उद्या दुसरी एखादी लाइन तुमच्या शिवारातून जाऊ शकते. राजपत्रात अधिसूचना निघाल्यापासून हरकत घ्यायला फक्त 21 दिवस मिळतात. घरातल्या मोठ्यांना ती नोटीस वाचून दाखवायचं काम बहुतेक वेळा आपल्यावरच येतं.

आता मुख्य प्रश्न. गॅस दारावरून गेला म्हणजे घरात आला का? नाही. मोठ्या लाइनमधला गॅस प्रचंड दाबाखाली असतो. तो आधी वेगळ्या स्टेशनवर उतरवून घ्यावा लागतो, दाब कमी करावा लागतो आणि मग छोट्या पाइपांचं जाळं शहरभर टाकावं लागतं. या शहरी वितरणाचा परवानाही वेगळा असतो. तो पेट्रोलियम आणि नैसर्गिक वायू नियामक मंडळ देतं. विजेचे टॉवर शेतातून जातात आणि शेतातला पंप मात्र रात्रीच्या लाइटची वाट बघतो, तसंच इथेही होऊ शकतं.

वाशिम 2018 पासून केंद्राच्या आकांक्षित जिल्ह्यांच्या यादीत आहे. इथली मुलं शिकली की पुणे-नागपूर गाठतात. समृद्धी आली तेव्हा कारखाने येतील अशी चर्चा होती. रस्ता आणि गॅस दोन्ही हाताशी असतील, तर सोयाबीन आणि तुरीवर प्रक्रिया करणारा उद्योग इथेच उभा राहू शकतो. पण त्यासाठी गॅस जिल्ह्यात उतरायला हवा, नुसता जाऊन चालणार नाही. वाशिम, कारंजा, रिसोडमध्ये घरगुती जोडण्या कधी मिळणार, उद्योगांना गॅस कुठे मिळणार, याचं वेळापत्रक आपण लोकप्रतिनिधींकडे आणि जिल्हाधिकारी कार्यालयाकडे मागायला हवं.

सुरक्षिततेचंही तसंच. 27 जून 2014 ला आंध्र प्रदेशातल्या नगरम गावात गॅसची पाइपलाइन फुटून आग लागली आणि 20 हून अधिक माणसं गेली. गॅसलाइनवर नियंत्रण कक्षातून नजर असते, पाइप गंजू नये म्हणून उपाय केलेले असतात, ठरावीक अंतरावर व्हॉल्व्ह असतात. पण जेसीबी चालवणाऱ्याला खाली काय आहे हेच माहीत नसेल, तर धोका राहतोच.

म्हणून लाइनजवळच्या गावात राहत असाल, तर पाइपलाइनच्या खुणेचे फलक बघून ठेवा. त्यावर आपत्कालीन नंबर असतो. तो गावच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाका. जोडणी मिळेल तेव्हा मिळेल, नंबर आजपासूनच लागेल.