१९०९ चा ‘लोकांचा अर्थसंकल्प’: फसलेला कर, टिकलेला हक्क

१/ २९ एप्रिल १९०९. ब्रिटनचे अर्थमंत्री डेव्हिड लॉइड जॉर्ज यांनी कॉमन्स सभेत चार तासांहून अधिक काळ भाषण करून अर्थसंकल्प मांडला. दारिद्र्याविरुद्धच्या युद्धाचा हा अर्थसंकल्प, असे ते म्हणाले. धनिकांवर कर लावून गरिबांना न्याय, अशी त्याची कथा नेहमी सांगितली जाते. माझ्या मते ती अर्धीच आहे. #थ्रेड

२/ त्याच वर्षीच्या १ जानेवारीपासून सत्तरी गाठलेल्या गरीब वृद्धांना आठवड्याला कमाल ५ शिलिंग वेतन सुरू झाले होते. दुसरीकडे जर्मनीशी चुरस करीत ड्रेडनॉट युद्धनौका बांधायच्या होत्या. तूट होती सुमारे १ कोटी ६० लाख पाउंडांची. ती भरायची कोणी?

३/ लॉइड जॉर्ज यांनी वर्षाला ५,००० पाउंडांहून अधिक उत्पन्न असणाऱ्यांवर प्राप्तिकराखेरीज ‘सुपरटॅक्स’ लावला. शिवाय मालकाने काही न करता जमिनीचे मोल वाढले, तर विक्रीच्या किंवा वारशाच्या वेळी त्या वाढीचा २० टक्के हिस्सा सरकारचा.

४/ मात्र त्याच अर्थसंकल्पाने व्हिस्की आणि तंबाखूवरील करही वाढवले. म्हणजे मजुराच्या खिशालाही हात लागलाच. ‘लोकांचा’ हे विशेषण वाचताना हे विसरू नये.

५/ जमीनदारांना कराच्या रकमेहून अधिक धास्ती होती मोजणीची. कर लावायचा तर देशभरातील जमिनीचे मूल्यांकन करणे भाग होते. कोणाकडे किती जमीन आणि तिचे मोल काय, हे सरकारदप्तरी नोंदले जाणार होते.

६/ आता थोडे मागे जाऊ. १८६० मध्ये लॉर्ड्स सभेने कागदावरील कर रद्द करणारे विधेयक फेटाळले. पुढच्याच वर्षी ग्लॅडस्टन यांनी सर्व करप्रस्ताव एकाच वित्त विधेयकात बांधले. तेव्हापासून उमरावांपुढे दोनच वाटा उरल्या: सगळे स्वीकारा, नाहीतर सगळे नाकारा.

७/ ३० नोव्हेंबर १९०९ रोजी त्यांनी दुसरी वाट धरली. ३५० विरुद्ध ७५ मतांनी अर्थसंकल्प अडला. जानेवारी १९१० मध्ये निवडणूक झाली. लिबरलांना बहुमत मिळाले नाही. आयरिश राष्ट्रवादी आणि मजूर पक्षाच्या आधारावर सरकार टिकले आणि एप्रिलमध्ये अर्थसंकल्प संमत झाला.

८/ पण आयरिश सदस्यांना उमरावांचा नकाराधिकारच मोडायचा होता. डिसेंबरात पुन्हा निवडणूक झाली. शेवटी नवे उमराव नेमून बहुमत फिरवण्याची धमकी दिली गेली, आणि १० ऑगस्ट १९११ रोजी लॉर्ड्स सभेने १३१ विरुद्ध ११४ मतांनी स्वतःचेच पंख छाटून घेतले. यापुढे अर्थविधेयक त्यांना एका महिन्याहून अधिक अडवता येणार नव्हते.

९/ आणि ज्यासाठी एवढे रण पेटले, तो जमीनकर? मूल्यांकनाचा खर्च वसुलीहून मोठा ठरला. १९२० मध्ये तो कर रद्द झाला, तोही लॉइड जॉर्ज पंतप्रधान असताना! चार आण्यांची कोंबडी, बारा आण्यांचा मसाला.

१०/ तरीही हा पराभव नव्हता. करांचे दर बदलतात, फसलेले कर मागे घेतले जातात. तिजोरीची किल्ली निवडून आलेल्यांच्या हाती आली, ती मात्र तिथेच राहिली. करन्यायाचा पहिला प्रश्न ‘किती’ हा नसून ‘ठरवणार कोण’ हा आहे.

११/ त्याच मंत्रिमंडळात भारतमंत्री होते जॉन मोर्ले. त्यांच्या १९०९ च्या सुधारणांनी भारतातील कायदेमंडळांना अर्थसंकल्पावर चर्चेची आणि ठराव मांडण्याची मुभा दिली. ते ठराव सरकारवर बंधनकारक नव्हते. मिठावरील करावर वर्षानुवर्षे बोलणारे गोखले त्याच मंडळात बसत. उमरावांना जे नाकारले, ते भारतात नोकरशाहीने स्वतःकडेच ठेवले.

१२/ म्हणून मित्रहो, कोणताही अर्थसंकल्प वाचताना आकड्यांआधी एक प्रश्न विचारा: यावर ‘नाही’ म्हणण्याचा अधिकार कोणाला आहे? (समाप्त)