जलतरण तलावांच्या पंपांची खरी अश्वशक्ती मोजून नोंदवण्याबाबत निवेदन

प्रति,
मा. आयुक्त,
नाशिक महानगरपालिका,
राजीव गांधी भवन, शरणपूर रोड, नाशिक.

विषय : पंपांची खरेदी व देखभाल पाटीवरच्या एचपीवर न ठेवता प्रत्यक्ष मोजणीवर ठेवणे.

महोदय,

आम्ही त्र्यंबक रोडवरील स्वातंत्र्यवीर सावरकर जलतरण तलावात नियमित पोहणारे नागरिक आणि तेथे पोहायला शिकणाऱ्या मुलांचे पालक आहोत. तलावाचे पाणी नितळ राहते ते फिल्टरमुळे, आणि फिल्टर चालतो पंपाच्या जोरावर. तो जोर किती, हे मोटरवरच्या पाटीवरून नेहमी कळत नाही.

तलावाच्या अनेक पंपांवर एचपीसोबत सर्व्हिस फॅक्टर छापलेला असतो. या दोन आकड्यांचा गुणाकार म्हणजे मोटर पेलू शकेल तो एकूण भार. १ एचपी आणि १.६५ फॅक्टरची मोटर, तसेच १.५ एचपी आणि १.१ फॅक्टरची मोटर, दोन्हींचा गुणाकार १.६५ एचपीच येतो. निविदेत नुसती 'एचपी' मागितली, तर एकाच ताकदीच्या दोन मोटरी लहानमोठ्या ठरतात आणि दरांची तुलना फसते.

शिवाय हा आकडा केवळ क्षमतेचा. पंप आज किती शक्ती लावतो, हे मीटर लावूनच समजते. समजा, ५ एचपीची पाटी असलेली थ्री-फेज मोटर ४१५ व्होल्टवर ८ अँपिअर घेते आणि पॉवर फॅक्टर ०.८५ आहे. म्हणजे ती सुमारे ४.९ किलोवॅट वीज ओढते. मोटरची कार्यक्षमता ८५ टक्के धरली, तर शाफ्टवर सुमारे ५.६ एचपी मिळते. हाच पंप दिवसाला बारा तास चालला, तर रोज सुमारे ५९ युनिट जळतात. मोटर जळून रिवाइंडिंग झाले की कार्यक्षमता घसरू शकते. पाटी मात्र जुनीच राहते.

मोठा पंप म्हणजे स्वच्छ पाणी, हा समजही सोडायला हवा. वाळूच्या फिल्टरमधून पाणी प्रमाणाबाहेर वेगाने गेले, तर बारीक गाळ अडत नाही. उलट पंपाची गती वीस टक्क्यांनी कमी केली, तर लागणारी शक्ती जवळपास निम्म्यावर येते. अमेरिकेत जुलै २०२१ पासून तलावाच्या पंपांचे ऊर्जा-निकष पाण्याला प्रत्यक्ष मिळणाऱ्या शक्तीवर ठरतात. आपल्याकडे त्यासाठी कायद्याची वाट पाहण्याचे कारण नाही. निविदेच्या अटी महापालिकाच लिहिते.

म्हणून आमची पहिली आणि सर्वांत आग्रहाची मागणी अशी, की महापालिकेच्या प्रत्येक जलतरण तलावातील प्रत्येक पंपाचे व्होल्टेज, अँपिअर, पॉवर फॅक्टर, प्रवाह आणि दाब उन्हाळ्याची गर्दी सुरू होण्यापूर्वी मोजावेत आणि ती नोंद पंपघराच्या दारावर लावावी. शहरातील अभियांत्रिकी महाविद्यालयांचे विद्युत विभाग या कामात साहाय्य करू शकतील. यापुढील निविदांत एचपीसोबत सर्व्हिस फॅक्टर, किलोवॅट, कार्यक्षमता आणि ठरावीक दाबाला मिळणारा प्रवाह मागवावा, आणि पुरवठादाराचे देयक जागेवरच्या चाचणीनंतरच मंजूर करावे. रिवाइंडिंग झालेल्या मोटरीची मोजणी पुन्हा व्हावी. जेथे पंप गरजेपेक्षा मोठा आढळेल, तेथे नवा घेण्याआधी गती कमी करणारा ड्राइव्ह बसवून पाहावा.

मोजणीच्या दिवशी आमचे दोन प्रतिनिधी हजर राहू इच्छितात. तारीख कळवावी, ही विनंती.

आपले विश्वासू,
नियमित पोहणारे नागरिक व पालक, नाशिक