ॲडमिनचा अधिकार कोणाकडे?

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १०चा नियमित सपोर्ट संपला आणि अनेक कार्यालयांत विंडोज ११ बसवण्याची घाई सुरू झाली. टीपीएम २.०, सिक्युअर बूट, प्रोसेसर यांची तपासणी आपण नीट करतो. लोकल ॲडमिनचे अधिकार कोणाकडे राहणार, हा प्रश्न मात्र शेवटच्या दिवसावर ढकलला जातो.

तो दिवस नेमका जीएसटी विवरणपत्राच्या मुदतीचा निघतो. डिजिटल सहीचे टोकन नव्या संगणकावर चालत नाही, ड्रायव्हरला ॲडमिन पासवर्ड हवा आणि सपोर्टचा माणूस दुसऱ्या शाखेत. मग पासवर्ड फोनवर सांगितला जातो किंवा लेखा विभागातल्या ताईंचे खातेच ॲडमिन गटात टाकले जाते. असा ‘तात्पुरता’ अधिकार वर्षानुवर्षे कोणी काढून घेत नाही.

२७ जून २०१७ रोजी नॉटपेट्या या मालवेअरने मर्स्क या जहाजवाहतूक कंपनीला गाठले, तेव्हा न्हावाशेव्याच्या बंदरातले त्या समूहाचे टर्मिनलही ठप्प झाले. ज्या त्रुटीतून तो पसरला, तिचा पॅच मार्चमध्येच आला होता. तरी पॅच लावलेले संगणकही सुटले नाहीत, कारण हा मालवेअर एका संगणकाच्या मेमरीतून ॲडमिनचे लॉगिन उचलून पुढच्यावर वापरत होता. सगळीकडे एकच लोकल ॲडमिन पासवर्ड ठेवणाऱ्यांनी हे वाक्य पुन्हा वाचावे.

म्हणून सरसकट सगळे बंद करा, असे आम्ही मुळीच म्हणणार नाही. विंडोजच्या छपाई सेवेतल्या प्रिंटनाइटमेअर त्रुटीनंतर, ऑगस्ट २०२१मध्ये, मायक्रोसॉफ्टने सर्व्हरवरून प्रिंटर ड्रायव्हर घेण्यासाठी ॲडमिन अधिकार आवश्यक केले. निर्णय योग्यच होता. पण जिथे ड्रायव्हर आधी चढवून ठेवले नव्हते, तिथे साधी छपाई अडली. काम अडले की माणूस वाट काढतोच: पेनड्राइव्ह, घरचा लॅपटॉप, शेजारच्याचे लॉगिन. त्याला दोष देणे अन्यायाचे आहे.

अपग्रेडपूर्वी प्रत्येक विभागात बसून ॲडमिन अधिकार कोणत्या कामाला लागतात ते पाहा. बहुधा टोकनचा ड्रायव्हर, हिशेबाच्या सॉफ्टवेअरचे अपडेट, नाहीतर प्रोग्राम फाइल्समध्ये डेटा लिहिणारे एखादे जुने ॲप्लिकेशन निघेल. पहिली दोन कामे सपोर्टने आधीच उरकावीत. तिसऱ्याला बहुतेकदा त्याच्या डेटा फोल्डरपुरती लिहिण्याची परवानगी पुरते. प्रत्येक संगणकाला वेगळा आणि ठरावीक मुदतीने बदलणारा ॲडमिन पासवर्ड देणारे लॅप्स एप्रिल २०२३पासून विंडोजमध्येच आहे. ते सुरू करा.

आणि याच आठवड्यात ॲडमिन गटातल्या खात्यांची यादी काढा. प्रत्येक नावासमोर कारण लिहा. कारण सापडले नाही तर नाव काढा. मात्र त्या व्यक्तीला आधी सांगून आणि दुसऱ्या दिवशी तिचे काम नीट चालते आहे याची खात्री करून.