घसरगुंडीची वर्गणी

मंडळी, पोस्ट जरा लांबली आहे, पण आपल्या गावातल्या पोरांचा विषय आहे, म्हणून शेवटपर्यंत वाचा.

परवा आपल्या जिल्हा परिषद शाळेच्या पालकांच्या ग्रुपवर मेसेज आला. घसरगुंडी आणि झोपाळा नवीन घ्यायचाय, प्रत्येक मुलामागे ५०० रुपये वर्गणी द्यावी. खाली धडाधड अंगठे पडले. मीही टाकला, लगेच फोनवरून पैसेही पाठवले. आपण काहीतरी चांगलं केलं असं वाटलं, खोटं कशाला बोलू.

संध्याकाळी गिरणीवर एक वहिनी भेटल्या. त्यांची दोन लेकरं शाळेत आहेत. हळूच विचारलं, "भाऊजी, पैसे नाही दिले तर पोरांना खेळू देतील ना?"

"देतील की, असं कसं," म्हणालो खरा. पण दोन पोरांचे हजार म्हणजे त्या बाईची तीन-चार दिवसांची खुरपणीची मजुरी. आणि ग्रुपवर कुणी दिले, कुणी नाही दिले, ही यादी रोज पडतेय. पोरंही वाचतात ती.

आता मुद्द्यावर येतो. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या अनुसूचीत शाळेला मैदान हवं आणि प्रत्येक वर्गाला गरजेप्रमाणे खेळाचं साहित्य हवं, असं स्पष्ट लिहिलंय. ही कुणाची मेहेरबानी नाही. समग्र शिक्षा योजनेत प्राथमिक शाळेला क्रीडा साहित्यासाठी वर्षाला ५ हजारांपर्यंतची तरतूद आहे. चेंडू, दोऱ्या, रिंग यात येतील. लोखंडी घसरगुंडी येणार नाही, हे वेल्डिंगच्या दुकानात नुसतं विचारलं तरी कळतं. शिवाय पटानुसार शाळा अनुदान असतं, ३० च्या वर ते १०० पर्यंत पट असेल तर २५ हजार. त्यातच खडू, वीजबिल, किरकोळ दुरुस्ती, किमान १० टक्के स्वच्छतेवर. उरतं काय?

मग सगळे म्हणतात, लोकसहभाग! शिरूर तालुक्यातल्या वाबळेवाडीच्या शाळेचं उदाहरण तर प्रत्येक बैठकीत निघतं. लोकसहभागाला माझा विरोध नाही, त्या गावाने केलं ते मोठंच आहे. पण शिक्रापूरच्या कारखान्यांशेजारचं गाव आणि आपल्या माळावरची वस्तीशाळा यांना एकच माप लावायचं? तिथे बहुतेक घरं दिवाळीनंतर ऊसतोडीला जातात. त्या पोरांच्या झोपाळ्याची वर्गणी कोण काढणार? कंपन्यांचा सीएसआर म्हणाल तर तोही डांबरी रस्ता जिथे संपतो तिथेच थांबतो. (साहेबांच्या गाडीला माळ चढत नाही, दुसरं काय.)

आणि आत्ताची घसरगुंडी काही वर्गणीतून आलेली नव्हती, हे आठवतं का? निधीतून आली, फीत कापली, फोटो निघाले. फलक घसरगुंडीपेक्षा मोठा होता. दोन पावसाळ्यांत पत्रा उचकटला. गेल्या वर्षी त्याच पत्र्याने दुसरीतल्या एका पोराचा हात कापला, चार टाके पडले. मग सरांनी स्वतःच्या खिशातून वेल्डर आणला. सरांचं कौतुक आहेच, पण मास्तरच्या पगारातून सरकारी घसरगुंडी दुरुस्त व्हावी, हे आपल्याला शोभतं का? फलक मात्र अजून ठणठणीत आहे.

म्हणजे नवीन आणायला कुणीतरी भेटतं. नट बदलायला कुणी भेटत नाही, कारण नटावर नाव टाकता येत नाही. उद्या आपल्या वर्गणीतून आलेल्या घसरगुंडीचंही हेच होणार. तेव्हा परत ५०० काढायचे का?

माझं मत सांगतो. पटणार नसेल तर खाली भांडा. खरेदी सरकारने करायची, जिल्हा परिषदेमार्फत, आणि वस्तीशाळेपासून सुरुवात करून. देखभाल ग्रामपंचायतीने करायची. आपण घरपट्टी भरतो, वित्त आयोगाचा पैसा थेट गावाच्या खात्यावर येतो. गावाच्या विकास आराखड्यात 'शाळेच्या मैदानाची वार्षिक दुरुस्ती' अशी एक ओळ घातली की झालं. कमानीला पैसे निघतात, तर याला का नाही? आणि गावकऱ्यांनी श्रमदान करावं, लक्ष ठेवावं. ज्याला द्यायचंय त्याने जरूर द्यावं, पण पेटीत, नाव न लिहिता. डोईमागे वर्गणी आणि ग्रुपवर यादी हे बंद.

शाळा व्यवस्थापन समितीत पाऊण सदस्य पालकच असतात. म्हणजे हे ठरवणं आपल्याच हातात आहे. समितीतल्या दोघांशी माझं बोलणं झालंय, यादी टाकणं आजपासून थांबेल असं ते म्हणाले. येत्या ग्रामसभेत दुरुस्तीच्या तरतुदीचा ठराव मी मांडणार आहे. अनुमोदनाला कोण आहे ते कमेंटमध्ये सांगा. नुसता अंगठा नको, सभेला या. आणि त्या वहिनींना मी सांगून आलोय की पोरांना बिनधास्त खेळू द्या.