व्यायाम आणि संसार

पोहणें, सायकल चालविणें आणि धांवणें हीं तिन्ही एकापाठोपाठ करावयाचीं, अशा शर्यतीस ट्रायथलॉन म्हणतात. गोव्यास २०१९ सालीं ‘आयर्नमॅन ७०.३’ झाली, तींत १.९ किलोमीटर पोहणें, ९० किलोमीटर सायकल व २१.१ किलोमीटर धांव असते. महाराष्ट्राचे पोलीस अधिकारी कृष्ण प्रकाश यांनीं २०१७ सालीं फ्रान्समध्यें याच्या दुप्पट अंतराची शर्यत पुरी केली. तेव्हां नोकरी सांभाळून हें साधतें, यांत शंका नाहीं.

प्रश्न निराळा आहे. हौशी गृहस्थ पहाटेचे दोन तास सरावास देतो. ते घरांतील कोणाच्या तरी वांट्यांतून आलेले असतात. सासऱ्यांचें औषध, मुलांचे डबे, दळण हीं कामें थांबत नाहींत. तीं बहुधा सुनेच्या अंगावर पडतात. आमच्या देऊळघाटांत ही हौस कोणास लागली, तर आम्ही तीस विरोध करणार नाहीं. मात्र सरावाचें वेळापत्रक सर्वांसमक्ष ठरावें, आणि शर्यतीनंतर तितक्याच पहाटा पत्नीस मोकळ्या मिळाव्या. उद्यां सूनच धांवूं लागली, तर तिचीं कामें पुत्रानें उचलावीं. हा हिशेब घरच्या वडील मंडळींनीं आधींच घालून द्यावा. तरुणांस तो आपोआप सुचेल, अशी वाट पाहूं नये.